कोल्हापुरात अँग्लिकन पद्धतीचं चर्च: नवीन माणसानं सुरुवात कुठून करायची?

शरणपूरची लेक
सलाम सगळ्यांना. मी नाशिकची, नवऱ्याची नोकरी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत लागली म्हणून जूनपासून इथं आहे. बाप्तिस्मा, संडे स्कूल, दृढीकरण (कन्फर्मेशन) सगळं तिकडं एकाच चर्चमध्ये झालं, आजी तर पहिली घंटा झाली की गॅसवरची भाजी तशीच उतरवून निघायची. आणि इथं आल्यापासून मी एकाही रविवारी गेले नाही. दोनदा गेटपर्यंत गेले, आत गाणं सुरू झालेलं ऐकलं आणि परत फिरले. मधे दुसऱ्या एका शहरातल्या चर्चमध्ये पहिल्याच दिवशी "हा बाक आमचा आहे" म्हणून मला उठवलं होतं, ते अजून मनातून जात नाही. जुन्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या वळणाची उपासना इथं कुठं असते? नवरा हिंदू आहे पण सोबत यायला तयार आहे, त्यानं प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर-द्राक्षरस घ्यायच्या वेळी काय करायचं? आणि मला नुसतं येऊन बसून जायचं नाहीये, मंडळीतलीच एक व्हायचंय.

शाहूपुरीकर
ताई सलाम. पाटीवर अँग्लिकन शब्द शोधत बसू नका, सीएनआय बघा. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथॉडिस्ट, ब्रदरन वगैरे सहा मंडळ्या एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, ते जगभरच्या अँग्लिकन परिवारात आहेच. कोल्हापूर हा त्यातला स्वतंत्र धर्मप्रांत, आपले बिशप इथंच असतात. आपल्याकडं १८५२ ला वायल्डरसाहेब आले ते अमेरिकन मिशनरी, अँग्लिकन नव्हेत, त्यांच्या नावाचं वायल्डर मेमोरियल आहे, तिथलं वळण वेगळं. तुम्हाला पाहिजे ते ऑल सेंट्स चर्चला मिळेल. उपासनेची वेळ आधी विचारून घ्या, सणाला बदलते.

गायनमंडळातली काकू
बाकाचं वाचून पोटात कालवलं गं. असं कुणी कुणाला उठवू नये, देवाच्या घरात तर नाहीच नाही.

माझं सांगते. मिरजेहून लग्न होऊन आले तेव्हा सहा महिने मी शेवटच्या बाकावर बसायचे आणि आशीर्वाद झाला की कुणाशी न बोलता बाहेर. एका शनिवारी छत्री विसरली म्हणून गेले तर दोन आज्या वेदीवरचा पितळेचा क्रूस आणि मेणबत्तीची स्टँडं खाली घेऊन घासत बसलेल्या, एकीचे हात संधिवातानं वाकडे झालेले. मी म्हटलं मी करू का. त्यांनी काही न विचारता चिंचेची वाटी माझ्याकडं सरकवली. तासभर घासलं, बोटं काळी झाली, मधे चहा झाला, माझं माहेर कुठलं, पोरं किती, सगळं त्यातच निघालं. दुसऱ्या दिवशी उपासनेत तो क्रूस चमकत होता आणि मला पहिल्यांदा वाटलं की हे माझं चर्च आहे. म्हणून सांगते, "मी काय करू?" असं मोघम विचारू नकोस, समोर चाललेलं काम धर. नाताळच्या आधी कॅरोलला घरोघरी जातो तेव्हा आवाज कमीच पडतात बघ. आणि येताना उपासना संगीत, आपलं गाण्यांचं पुस्तक, घेऊन ये, फळ्यावर गाण्यांचे नंबर लावलेले असतात, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं तर तुला पाठच असतील.

पास्टोरेट कमिटीवाला
प्रभुभोजनाचं सांगतो. तुमचं दृढीकरण झालंय, तुम्ही वेदीपुढच्या कठड्याशी जाऊन गुडघे टेका. मिस्टरांनी बाकावरच शांत बसावं, त्यात कमीपणा काही नाही. आशीर्वाद पाहिजे असेल तर पाळकसाहेबांना आधी सांगून ठेवा, ते डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतील. बाकी उपासनेला दार सगळ्यांना उघडं आहे, गाणं प्रार्थना उपदेश सगळ्यात बसू दे त्यांना.

सभासद व्हायला नाशिकच्या पाळकांकडून पत्र आणा, त्यात बाप्तिस्मा आणि दृढीकरणाची नोंद पाहिजे. नाव यादीत आलं की मग चर्चचा कारभार बघणाऱ्या कमिटीच्या निवडणुकीत मत वगैरे. पण पत्र यायचंय म्हणून घरी थांबू नका, पत्र येत राहील, तुम्ही या की.

शरणपूरची लेक
काल जाऊन आलो दोघंही. गेटपाशी पाय परत अडखळले पण नवरा म्हणाला आता आलोय तर चल. बाकापाशी मी "इथं कुणी बसतं का" विचारलं तर आजी सरकल्या आणि म्हणाल्या, "बस की गं, माझ्या एकटीला एवढा बाक काय करायचाय." दुसरं गाणं माझ्या आजीच्या आवडीचं निघालं, कडवं सुरू झालं आणि माझा आवाजच फुटेना. तेव्हा नवऱ्यानं पुस्तक हातात घेतलं आणि चाल माहीत नसताना ओळीवर बोट ठेवून हळूहळू म्हणत राहिला. नाशिकला पत्रासाठी फोन केलाय. काकू, शनिवारी किती वाजता असता तुम्ही? चिंच मी घेऊन येते.