रेस्तराँमध्ये आवडलेल्या शॅम्पेनसारखी दुसरी शॅम्पेन कशी शोधावी?

प्रश्न

गेल्या आठवड्यात एका रेस्तराँमध्ये आम्ही बोलिंजरची ‘स्पेशल क्युव्हे’ घेतली आणि ती चव अजून मनातून जात नाही. पेला नाकाशी नेताच आधी भाजलेल्या पावाचा वास आला, मग पिकलेल्या सफरचंदाचा, आणि घोट गिळल्यावरही अक्रोडासारखी किंचित तुरट चव जिभेवर बराच वेळ रेंगाळली. त्याच ओढीने घरी दुसरी एक शॅम्पेन आणली. लेबलवर तेच ‘ब्रूट’ लिहिलेले होते, पण ती लिंबासारखी, हलकी आणि धारदार निघाली. वाईट नव्हती, पण मला हवी होती ती ही नव्हे. नेमके काय पाहून निवड करावी?

पहिले उत्तर

‘ब्रूट’ या शब्दावरून फक्त साखर कळते, म्हणजे लिटरमागे 12 ग्रॅमपेक्षा कमी. आपल्याला जे आवडले त्याचे मूळ वेगळे आहे. स्पेशल क्युव्हेमध्ये सुमारे 60 टक्के पिनो न्वार ही काळी द्राक्षे असतात, काही वाइन जुन्या ओकच्या पिंपांत आंबवलेली असते आणि मिश्रणात मागच्या वर्षांच्या राखीव वाइनही घातलेल्या असतात. शिवाय विशिष्ट वर्षाचा उल्लेख नसलेली शॅम्पेन बाटलीत किमान 15 महिने ठेवावी असा नियम असताना बोलिंजर हे उत्पादक घराणे ती त्याच्या दुपटीहून अधिक काळ ठेवते. त्या काळात तळाशी बसलेल्या मृत यीस्टचे घटक हळूहळू वाइनमध्ये उतरतात, आणि पावाचा तो वास बव्हंशी तिथूनच येतो.

माझ्या मते आपण आधी शार्ल हाइडसिकची ‘ब्रूट रिझर्व्ह’ घ्यावी. तिच्यात पिंपाचा स्पर्श फारसा नसला तरी जुन्या राखीव वाइनचे प्रमाण मोठे असल्यामुळे तोच भरदारपणा मिळतो. गोसेची ‘ग्रांद रिझर्व्ह’ही चांगली आहे, मात्र तिची आंबटाई अधिक ठसठशीत असल्याने मी तिला दुसरे स्थान देईन.

दुसरे उत्तर

वरील सल्ल्याशी सहमत आहे, पण केवळ मोठ्या घराण्यांपुरते थांबू नये. लेबलच्या कडेला बारीक अक्षरांत ‘आर. एम.’ असेल, तर स्वतःच्या मळ्यातील द्राक्षांपासून शॅम्पेन करणाऱ्या बागायतदाराची ती बाटली असते. आंबोने गावचे एग्ली-उरिए हे असेच उत्पादक आहेत. त्यांचा भर पिनो न्वारवर असतो, ते ओकची पिंपे वापरतात आणि बाटलीतला गाळ कधी काढला हे मागच्या लेबलवर छापतात. मात्र ‘ब्लां द न्वार’ दिसले की पावाचा वास मिळेलच असे समजू नये, कारण काळ्या द्राक्षांच्या कित्येक शॅम्पेन स्टीलच्या टाक्यांत तयार होतात आणि ताज्या फळांच्या चवीच्या असतात.

तिसरे उत्तर

घरची बाटली थेट फ्रिजमधून काढून अरुंद पेल्यात ओतली होती का? अतिथंड शॅम्पेनचा वास दबतो आणि धार तेवढी जाणवते. 10 अंशांच्या आसपास, थोड्या रुंद पेल्यात घेतल्यास फरक पडेल. मूळ शैली याने बदलणार नाही, पण तुलना तरी न्याय्य होईल.

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे मनापासून आभार. रिकामी बाटली पुन्हा पाहिली, तर ‘ब्रूट’च्या खाली ‘ब्लां द ब्लां’ असे छापलेले आहे, म्हणजे ती केवळ पांढऱ्या द्राक्षांची होती. आता आधी शार्ल हाइडसिक आणतो आणि ती दहा अंशांवरच उघडतो.