झांझिबारचं लाल माकड कोळसा का खातं?

चारुता: मंडळी, नुकतीच झांझिबारच्या उंगुजा बेटावर जोझानीचं जंगल बघून आले. तिथली लाल कोलोबस माकडं मनसोक्त पाहिली. पण एक दृश्य डोळ्यांपुढून हलत नाही. जंगलाबाहेरच्या वाडीत देशी बदामाखाली एक मादी जळक्या ओंडक्याचा कोळसा कुरतडत होती, आणि पोटाशी बिलगलेलं पिल्लू तोच तुकडा ओढू बघत होतं. ती आजारी होती का? की उपाशी?

रानभूल: ताई, दोन्ही नाही. कोलोबस मुख्यतः पानांवर जगतो. त्याच्या पोटात कप्पे असतात, तिथे जीवाणू पाला आंबवतात. गोड पिकलेलं फळ त्याला सोसत नाही, कच्चंच खातो. वाडीतल्या आंब्याच्या आणि देशी बदामाच्या पानांत प्रथिनं भरपूर, पण फिनॉल नावाची रसायनंही तितकीच, ती पचनात आडवी येतात. कोळसा ती शोषून घेतो. ही सवय पिल्लं आईकडूनच उचलतात, म्हणजे तुम्हाला चक्क शिकवणी बघायला मिळाली!

सागरवेळ: मी कामानिमित्त उंगुजावर दोन वर्षं होते. तिथे याला 'किमा पुंजू' म्हणतात, म्हणजे विषारी माकड. कोवळे नारळ खातो म्हणून वाडीवाल्यांचा राग. पण 1999 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उलटंच दिसलं: जिथे माकडांनी जास्त कोवळी फळं खाल्ली, तिथे शेवटी नारळ जास्त उतरले. झाडावरची दाटी कमी झाली की उरलेली फळं धरतात, असा त्याचा अर्थ लावला गेला. माझ्या शेजारच्या आजोबांना हे काही पटलं नाही. त्यांचंही खरंच, डोळ्यांदेखत नारळ पडतात ना.

चारुता: मग आता उरलेत तरी किती?

रानभूल: 2017 साली जाहीर झालेल्या गणनेत 5,800 च्या वर, आधीच्या अंदाजाच्या जवळजवळ तिप्पट. तरीही संकटग्रस्तच, कारण झांझिबारची बेटं सोडली तर जगात कुठेच नाही. प्रवाळी खडकावरचं झुडपी रान सरपणासाठी तुटतंय. जोझानी 2004 पासून राष्ट्रीय उद्यान आहे, पण बरेच कळप त्याच्या हद्दीबाहेर फिरतात. शिवाय उद्यानाला लागून रस्ता. गतिरोधक घातल्यावर गाड्यांखाली मरणारी माकडं कमी झाली. तुमची गाडी तिथे हळू झाली होती का?

चारुता: थांबलीच होती. आधी चार मोठी उतरली, मग पिल्लू घेऊन एक मादी. सगळी पलीकडे पोचेपर्यंत चालकाने इंजिन बंद ठेवलं होतं.