मदत हवी आहे: ६४ ट्रान्समीटरचा अल्ट्रासॉनिक अ‍ॅरे जवळून गंडतोय!

रखडलेला_इंजिनियर
८×८ अ‍ॅरे बनवलाय, सगळे एकाच फेजमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या लहरी एकाच वेळी सुटतात. २५ सेंमीवर मस्त सिग्नल. १० सेंमीवर त्याच्या जेमतेम एकतृतीयांश! जवळ गेलं की वाढायला नको का? शुक्रवारी डेमो आहे, प्लीज लवकर सांगा.

खटपट्या
सप्लाय बसत असणार. बारा व्होल्टचा दणकट अ‍ॅडाप्टर लाव.

रखडलेला_इंजिनियर
सप्लायला अंतर कसं कळतं दादा?

चहा_बिस्किट
अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर २ सेंमीच्या आत चालतच नाही, डेटाशीटमध्ये दिलंय.

रखडलेला_इंजिनियर
अंतर मोजत नाहीये हो मी. मला एका बिंदूवर जोर हवाय.

जुना_रेडिओवाला
आधी माहिती तर द्या. फ्रिक्वेन्सी? ट्रान्समीटरचा व्यास? मोजता कशाने?

रखडलेला_इंजिनियर
४० किलोहर्ट्झच, दुसरं काय असणार. १० मिमीचे, एकमेकांना चिकटून. समोर रिसीव्हर, सिग्नल स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) बघतोय. आणि हो, रिसीव्हर ४-४ मिमी सरकवला की आकडा वरखाली होतो.

खटपट्या
हे आधी सांगायला काय झालं होतं? स्टँडिंग वेव्ह आहे ती, जाणारी आणि परत येणारी लहर एकमेकांत मिसळून ठरावीक अंतरावर जोर कमी-जास्त होतो. तरंगलांबी साधारण ८.६ मिमी, तिच्या निम्मी ४.३. रिसीव्हरवरून आवाज परत अ‍ॅरेवर आपटतोय. विषय संपला.

जुना_रेडिओवाला
मघाशी अ‍ॅडाप्टर होता ना? ४ मिमीची नाचानाच त्याने होते, पण १० सेंमीवरची घसरण नाही. तो निअर फील्ड, म्हणजे इतकं जवळ की प्रत्येक ट्रान्समीटरचं अंतर वेगळं पडतं आणि लहरी एकत्र पोचत नाहीत. मधल्या ट्रान्समीटरपासून रिसीव्हर १०० मिमीवर, कोपऱ्यातल्यापासून सुमारे १११.५. आणि मध्यापासून एका दिशेने १५ व दुसऱ्या दिशेने २५ मिमी सरकलेले जे आठ आहेत ते जवळपास अर्धी तरंगलांबी मागे, म्हणजे मधल्यांच्या विरोधातच ढकलतात. २५ सेंमीवर हे फरक निम्म्याहून कमी होतात, म्हणून तिथे जोर.

खटपट्या
दोन्ही असू शकतं, एवढंच म्हणायचं होतं.

मांजरवाली_ताई
याने भटकी कुत्री पळतात का हो? रात्रभर भुंकतात.

जुना_रेडिओवाला
ताई, वेगळा धागा काढा. इंजिनियर, १० सेंमीवर फोकस हवा तर कोपरे आधी, मधले शेवटी चालवा. कोपऱ्यांचा फरक सुमारे ३३ मायक्रोसेकंद, पूर्ण आवर्तनाने (२५ मायक्रोसेकंद) फरक पडत नाही, ते वजा करून ८. सममितीमुळे ६४ वेगळे डिले (उशीर) लागत नाहीत, ९ पुरतात.

रखडलेला_इंजिनियर
सगळे पॅरलल सोल्डर केलेत, सगळ्यांना एकच सिग्नल जातो 😭

चहा_बिस्किट
मग वाटीच्या आकारात बसव! ब्रिस्टलवाल्यांच्या २०१७ च्या टायनीलेव्हमध्ये (आवाजाने वस्तू हवेत तरंगवणारं यंत्र) ७२ ट्रान्समीटर दोन वाट्यांतच आहेत. डिले नको, काही नको. फक्त पोलॅरिटी (प्लस-मायनस) तपास, एखादा उलटा लागला तर तो बाकीच्यांशीच भांडेल.

जुना_रेडिओवाला
पण वाटीचा फोकस कायमचा एकाच जागी. उद्या १५ सेंमीवर हवा झाला तर?

चहा_बिस्किट
उद्या नाही, शुक्रवार आहे त्याचा.

रखडलेला_इंजिनियर
अपडेट: रिसीव्हर तिरका करून मागे गोधडी लावली, ४ मिमीची नाचानाच बरीच कमी झाली. १० सेंमीचा खड्डा तसाच. आणि कोपऱ्यातले दोन खरंच उलटे निघाले. १० सेंमी त्रिज्येची वाटी कुठे मिळेल? आईची कढई मागितली तर घराबाहेर काढेल.

मांजरवाली_ताई
थर्माकोलचा गोळा कापा, स्टेशनरीत मिळतो. आणि कुत्र्यांचं कोणीच सांगितलं नाही.