पोर्टर रँचला घर घ्यावं का? अलिसो कॅन्यनची गॅस साठवायची मर्यादा वाढवलीये त्याबद्दल

व्हॅलीत_नवीन
नमस्कार मंडळी, आम्ही दोघं आणि सात वर्षांची मुलगी, लॉस एंजेलिसला येऊन दीड वर्ष झालं. पोर्टर रँचला एक घर आवडलंय, पण मागच्या डोंगरात अलिसो कॅन्यनचं गॅस स्टोरेज आहे आणि २०१५ च्या गळतीबद्दल वाचल्यापासून माझी झोप उडालीये. त्यात कळलं की ऑगस्ट २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या पब्लिक युटिलिटीज कमिशनने (वीज-गॅस कंपन्यांवर देखरेख करणारं राज्याचं मंडळ) मर्यादा ४१.१६ वरून ६८.६ अब्ज घनफूट केली. एवढं सगळं होऊनही वाढवायची परवानगी मिळतेच कशी, कोणी काय तपासून दिली? ब्रोकर नुसतं 'काही काळजी नको' म्हणतोय.

विहीरवाला
तेलविहिरींवर बरीच वर्षं काम केलंय म्हणून लिहितो. तिथे टाकी वगैरे नाहीये हो, जुनं तेलक्षेत्र आहे, तेल काढून झाल्यावर दीड मैलाहून खोल असलेल्या त्याच वाळूच्या खडकात १९७० च्या दशकापासून गॅस भरतात. मागणी कमी असली की दाबाने आत, थंडीत बाहेर. त्या खडकाने लाखो वर्षं तेल-वायू धरून ठेवलेत त्यामुळे त्याची भीती कमी, धोका असतो विहिरीचा. फुटली ती एसएस-२५, १९५३ ची. ७ इंची केसिंग (विहिरीची बाहेरची पोलादी नळी) भूजल आणि बॅक्टेरियामुळे बाहेरून गंजली होती, खोलातला सेफ्टी व्हॉल्व्ह १९७९ मध्ये काढला तो परत बसवलाच नाही, आणि गॅस ट्यूबिंगबरोबर (केसिंगच्या आतली बारीक नळी) केसिंगमधूनही जायचा, म्हणजे गॅस आणि जमीन यांच्यामध्ये पोलादाची एकच भिंत. ती गंजली की संपलं. २३ ऑक्टोबरपासून जवळपास चार महिने गळत होतं, सुमारे एक लाख टन मिथेन गेला, ८ हजारांहून जास्त कुटुंबांना घरं सोडावी लागली. आता नियम असा की गॅस फक्त आतल्या ट्यूबिंगमधून, बाहेरची केसिंग दुसरी भिंत म्हणून राखीव, आणि तपासणीत पास नाही ती विहीर वापरायची नाही. हा बदल कागदावरचा नाहीये, खरंच मोठा आहे.

ऊर्जावकील
परवानगीचं मी सांगते. इथे दोन वेगळी ऑफिसं दोन वेगळे प्रश्न विचारतात आणि लोकांची गल्लत तिथेच होते. विहिरी धड आहेत का, किती दाब चालेल, हे कॅलजेम बघतं, म्हणजे राज्याचं तेल-वायू विहिरींचं खातं (तेव्हा नाव डॉगर होतं). २०१६ च्या एसबी ३८० कायद्याप्रमाणे विहिरी तपासल्या, जाहीर सुनावणी झाली, आणि २०१७ मध्ये त्यांनी वरची मर्यादा ठरवली ती हीच, ६८.६. गळतीआधी ८६ होती. कमिशन बघतं गरज आणि दर. २०२२-२३ च्या हिवाळ्यात गॅसची बिलं दुप्पट झाली, म्हणून त्यांनी स्वतःची मर्यादा कॅलजेमच्या छतापर्यंत नेली. म्हणजे २०२३ चा निर्णय बिलांमुळे झाला, विहिरी जास्त सुरक्षित झाल्या म्हणून नाही.

ह्यूस्टनकर
थोडी भर घालतो. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या गॅसचं स्टोरेज असेल तर परवानगी फर्क (FERC, केंद्राचा ऊर्जा आयोग) देतं, १९३८ च्या नॅचरल गॅस ॲक्टखाली. अलिसो राज्याच्या आतलं आहे म्हणून निर्णय कॅलिफोर्नियाचा. पण जमिनीखालच्या विहिरींसाठी केंद्राचे किमान सुरक्षा नियमच नव्हते हो, ते अलिसो झाल्यावर आले, २०१६ अखेरीस. २००१ मध्ये कॅन्ससला हचिन्सनमध्ये स्टोरेजमधून निघालेला गॅस काही मैल लांब शहरात वर आला आणि दोन माणसं गेली, त्यानंतरही पंधरा वर्षं लागली. हे मला पटत नाही, आजही राग येतो.

व्हॅलीत_नवीन
खूप आभार, ताई तुमचं वाचून डोक्यातला गुंता सुटला. म्हणजे मी बिलाचा निर्णय वाचून विहिरींबद्दल घाबरत होतो, आणि विहिरींचं उत्तर दुसऱ्याच ऑफिसात आहे. पण मग हे बंद कधी होणार? कायमचं चालू राहणार का?

ऊर्जावकील
डिसेंबर २०२४ चा निर्णय वाच. दर दोन वर्षांनी आढावा, आणि पीक (सर्वात जास्त) मागणी रोजची ४,१२१ दशलक्ष घनफुटांपर्यंत उतरेल असं दिसलं की बंद करायची प्रक्रिया सुरू. तारीख नाही दिलेली, रहिवासी त्याच्यावरच नाराज आहेत आणि मला त्यांचं बरोबर वाटतं. दहा वर्षांसाठी घर घेणार असशील तर ते चालूच असेल असं धरून ठरव.

विहीरवाला
आणि कुंपणावर मिथेन मोजायची यंत्रं आहेत, त्याचे आकडे लोकांना बघता येतात. घर बघायला जाल त्याच्या आधी आठवडाभर रोज बघत जा, एक दिवस बघून काही कळत नाही. ब्रोकरला काय विचारायचं ते लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच मागा.

व्हॅलीत_नवीन
आजपासून बघतो. ब्रोकरला ईमेल आत्ताच टाकला.