पुण्याहून कोकणात सणाला: अनुभव धागा

लाँग वीकेंड बघून कोकणाच्या तारखा ठरवल्या की किनारा मिळतो, पण सण हातून निसटतो. पालखी दोन दिवसांपूर्वीच सहाणेवरून (ती दर्शनाला बसते त्या गावच्या चौथऱ्यावरून) उठलेली असते, जत्रा पुढच्या आठवड्यात असते, आणि संध्याकाळी पाण्यात उतरायचं म्हणावं तर नेमकी ओहोटी. तिथली सगळी घडी तिथीवर चालते. म्हणून हा धागा. घाट, शिमगा, जत्रा, जेवण, ज्याला जे पक्कं ठाऊक आहे त्याने पुण्यातल्या आपल्या भागाचं नाव वर टाकून तेवढंच लिहावं. "छान आहे, जरूर जा" एवढंच नको. कधी, कुठून, किती आणि काय बिघडतं ते लिहा.

कोथरूड

आधी घाट ठरवा, मुक्काम नंतर. पुण्यातून कोकणाला एकच रस्ता आहे असं धरून सगळे ताम्हिणीत गर्दी करतात. ताम्हिणी खरा उपयोगी श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दापोली, मंडणगड यांना: मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव. गुहागर-चिपळूणला जायचं तर सातारा रस्त्याने उंब्रज, मग पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट. रत्नागिरी-गणपतीपुळ्यासाठी आंबा घाट. त्यासाठी कोल्हापुरात शिरायची गरज नाही, कराडहून उंडाळे-कोकरूड-मलकापूर असं थेट निघता येतं. मालवण-देवगडला कोल्हापूरमार्गे गगनबावडा, नाहीतर राधानगरी-दाजीपूरमार्गे फोंडा घाट. सावंतवाडी-वेंगुर्ल्याला निपाणीच्या पुढे संकेश्वर, आजरा, आंबोली.

पावसाळ्यात भोरचा वरंधा मोजणीतच धरू नका, दरडींमुळे तो वारंवार बंद ठेवतात. गगनबावड्याहून खाली उतरायला करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट आहेत. एकात काम किंवा दरड असली तर वाहतूक दुसऱ्यातून वळवतात, तेव्हा निघायच्या सकाळी चौकशी करा. उतरताना गाडी दुसऱ्या गिअरवर ठेवा. ब्रेक दाबत उतरलं की ते तापतात आणि शेवटच्या वळणांवर धरत नाहीत. धुक्यात पुढचं दिसत नसताना हे फार महागात पडतं. पेट्रोल माणगाव, चिपळूण, कणकवली अशा मोठ्या गावी भरून घ्या. सागरी रस्त्यावर पंप लांब-लांब आहेत.

सहकारनगर

शिमग्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण तो पाहायला जाणाऱ्यांचा सर्वांत जास्त गोंधळ उडतो.

पुण्यात होळी म्हणजे एक संध्याकाळ. रत्नागिरी जिल्ह्यात शिमगा फाल्गुन शुद्ध पंचमीला, म्हणजे फाकपंचमीला सुरू होतो आणि पौर्णिमेनंतरही कित्येक दिवस चालतो. काही गावांचा मुख्य होम त्रयोदशीला लागतो, ते तेरसे शिमगे. काहींचा पौर्णिमेला, ते भद्रेचे शिमगे. शेजारशेजारच्या दोन गावांत हा फरक असू शकतो. म्हणून "होळीला येतो" एवढं सांगून भागत नाही. गावाचं नाव घेऊन तीन गोष्टी विचारा: होम कधी, पालखी सहाणेवर कधी, आणि आपल्या वाडीत घरोघरी कधी.

क्रम साधारण असा. देवळात देवतेची रुपी, म्हणजे धातूचे मुखवटे, पालखीत लावतात. होमासाठी झाड तोडून, ढोल-ताशांच्या गजरात खांद्यावरून आणतात आणि उभं करतात. होम पेटतो, फाका (शिमग्याच्या आरोळ्या) घातल्या जातात. पालखी सहाणेवर बसते आणि मग गावभर फिरते. पालखी नाचवतात ते क्षण पाहण्यासारखे. खांदेकरी दांड्याखालून सरकत जागा बदलतात, पालखी आडवी-तिडवी झुलते आणि रुपी हलत नाहीत. त्यासाठी त्या कापडाने किती घट्ट बांधलेल्या असतात ते पालखी टेकली की जवळून बघा. काही ठिकाणी खूण काढण्याचा प्रकार असतो: जमिनीत पुरलेला नारळ पालखी शोधून काढते. गुहागर-चिपळूणकडे याच दिवसांत नमन-खेळे हे लोकनाट्य करणारे आणि संकासूर, गोमू ही सोंगं दारोदारी येतात.

पाहुण्यांनी पाळायच्या गोष्टी: चपला लांब काढा. पालखीच्या पुढ्यात उभं राहून चित्रण करू नका. खांदेकऱ्यांना खालचं दिसत नसतं आणि पालखीचा झोक कधी वळेल सांगता येत नाही. बाजूला, उंचवट्यावर उभे राहा. खांदा द्यायची इच्छा असेल तर मानकऱ्यांना विचारा. कुठे देतात, कुठे नाही, आणि "नाही" म्हटलं की विषय तिथेच सोडा. यजमानांच्या घरी पालखी येणार असेल तर ओटीचं सामान पुण्यातून न्यायला हरकत नाही: खण, तांदूळ, सुपारी, हळदकुंकू. नारळ मात्र तिथलाच घ्या. गाऱ्हाणं चालू असताना बोलू नका. त्यात त्या घराची वर्षभराची सुखदुःखं देवापुढे मांडली जात असतात.

गावात कोणी ओळखीचं नसेल तर रत्नागिरी शहर बरं. बारा वाड्यांचं ग्रामदैवत श्री देव भैरीची पालखी पौर्णिमेच्या मध्यरात्री बाहेर पडते आणि झाडगावच्या सहाणेवर येते. मुक्कामाची सोय शहरात होते, फक्त रात्री गाडी लांब लावून चालायची तयारी हवी.

औंध

तिथीवरून भरती काढायचा किनाऱ्यावरचा हिशोब प्रत्येकाला यायला हवा. तिथीच्या आकड्याला ३ ने गुणा, ४ ने भागा; पौर्णिमा-अमावास्या म्हणजे १५. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, दुपारची आणि रात्रीची दोन्ही. चतुर्थीला ४ × ३ ÷ ४ = ३, म्हणजे ३ च्या सुमारास भरती. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध-वद्य दोन्ही पक्षांना हेच लागू. तासाभराचा फरक धरून चाला, मालवणच्या बाजूला भरती थोडी आधी येते. रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा साधारण ४८ मिनिटं उशिरा.

याचा उपयोग बघा. होळी पौर्णिमेला भरती सव्वाअकराला, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पाणी पार आत गेलेलं. अनंत चतुर्दशीलाही दुपारी साडेचारपाचला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त ओढीने उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, ती शांत. मुलांना पाण्यात न्यायचं तर भांगाचे दिवस आणि चढतं पाणी. उतरत्या पाण्यात गुडघ्याच्या पुढे कोणीही जाऊ नये.

गणपतीपुळ्याला विशेष जपा. तिथे किनाऱ्याची उतरण एकदम खोल जाते, पायाखालची वाळू लाटेबरोबर निघते, आणि पोहता येणारेही बुडाले आहेत. तिथे समुद्र बघा, टेकडीची प्रदक्षिणा करा. पाण्यात खेळायला दुसरा किनारा शोधा.

हडपसर

गाडी नसलेल्यांसाठी थोडक्यात. स्वारगेटहून कोकणात एसटी आहेत, आरक्षण आधी करा. महिलांना निम्मं तिकीट, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत. वयाचा पुरावा जवळ हवा. पुण्यातून कोकण रेल्वेने जाणाऱ्या गाड्या मोजक्या, म्हणून बरेच जण पनवेलला जाऊन गाडी पकडतात. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. गणपतीच्या तारखांना ते उघडताच संपतं, तेव्हा गणेश चतुर्थीपासून मागे दिवस मोजून तारीख लिहून ठेवा. पावसाळी वेळापत्रकात गाड्या सावकाश चालतात, पुढची जोडगाडी पकडायला भरपूर वेळ मधे ठेवा.

धायरी

दशावतार आणि जत्रांबद्दल. सिंधुदुर्गात त्रिपुरी पौर्णिमेपासून देवळांच्या जत्रा लागतात आणि पुढे कित्येक महिने कुठल्या ना कुठल्या गावात दशावतार असतो. सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणांची जत्रा याच सुरुवातीच्या दिवसांतली. नाटक दुपारी नसतं. पालखीची प्रदक्षिणा झाली की उशिरा रात्री सुरू होतं आणि दहीकाल्याने पहाटे संपतं. तेव्हा आदल्या दुपारी झोप घ्या, बसायला सतरंजी, अंगावर घ्यायला शाल न्या. नोव्हेंबर-डिसेंबरात दव पडतं.

आधी गणपती, संकासूर वगैरेंचा आड दशावतार, म्हणजे पूर्वरंग होतो, मग आख्यान. लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली, संवाद तिथल्या तिथे. साथीला पेटी, पखवाज आणि झांज. कलावंत आपापली रंगरंगोटी स्वतः करतात. परवानगी विचारून तिथे शांत बसू दिलं तर बसा. एकाच माणसाला अर्ध्या तासात राजा किंवा स्त्री होताना बघणं हा नाटकाइतकाच मोठा भाग आहे. जत्रेत खाजं घ्या, आल्याच्या गुळातलं. कडकडीत तुटतं ते ताजं, वाकतं ते सादळलेलं.

आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा ठरावीक तिथीला नसते. देवीचा कौल घेऊन तारीख ठरते आणि मग जाहीर होते. तेव्हा वर्षभर आधी खोली राखून ठेवता येत नाही. तारीख कळली की मालवण-कणकवली लगेच भरतं. कुडाळ किंवा आणखी लांब राहा, पहाटे निघा. रात्री देवीच्या नैवेद्याची ताटं लावण्याच्या वेळी ओट्या भरणं थांबतं, ते धरून रांगेला लागा.

कुणकेश्वरची यात्रा महाशिवरात्रीला, ती तारीख आधी कळते. आणि दिवाळीला सावंतवाडी-कुडाळ-वेंगुर्ल्याकडे असाल तर नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री झोपू नका, नरकासुराच्या प्रतिमा रात्रभर फिरतात.

कुडाळजवळचं पिंगुळी वाटेत घ्याच. ठाकर समाजाच्या चित्रकथी (चित्रं दाखवत सांगायच्या कथा) आणि कळसूत्री बाहुल्या तिथे जपल्या आहेत. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. खेळ बघायचा तर आधी कळवावं लागतं. नुसतं दारात जाऊन उभं राहिलं तर वस्तू दिसतील, खेळ नाही.

बिबवेवाडी

गणपतीत कोकण बघायला जाऊ इच्छिणाऱ्यांना एक स्पष्ट सांगणं: तो घरचा सण आहे. ज्यांच्याकडे तुम्ही उतरणार त्यांच्याही घरी गणपती असतो, त्यामुळे कित्येक घरगुती निवास आणि खानावळी त्या दिवसांत बंद असतात. आमंत्रण असेल तरच जा, आणि गेलात तर आरती-भजनाला बसा. माटवी नीट बघा. मूर्तीच्या डोक्यावर टांगलेल्या लाकडी चौकटीला कवंडळं, हरणाची फुलं, तिरडा, आंब्याचे टाळे, सुपारीची शिपटी असं रानातलं सामान बांधतात. पुण्याच्या मखरापेक्षा ते वेगळंच वैभव आहे. रत्नागिरीकडे रात्री जाखडी असते, तिला बाल्या नाचही म्हणतात.

गेली काही वर्षं गणेशभक्तांच्या गाड्यांना टोलमाफीचे पास मिळतात, पोलीस ठाण्यात किंवा आरटीओत. पास काचेवर लावल्याशिवाय उपयोग नाही.

वारजे

फेब्रुवारी अखेर ते एप्रिल मोकळे असाल तर मंडणगड तालुक्यातलं वेळास. ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी तिथे जपतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने हे सुरू केलं, गावाने ते आपलं केलं. अंडी घातल्यापासून पिल्लं यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, म्हणून घरटी कधीची आहेत ते विचारून तारीख घ्या. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात. दोन रात्री राहिलात तर दिसण्याची शक्यता वाढते, एका सकाळीत पिल्लं न येणं अगदी नेहमीचं. दोरीच्या आत जायचं नाही, फ्लॅश नाही, पिल्लू उचलायचं नाही. वाळूवरून स्वतः चालत समुद्रात जाणं त्याला आवश्यक असतं. जाता जाता, वेळास हे नाना फडणवीसांचं गाव. पुणेकरांनी तेवढ्यासाठीही थांबावं.

सदाशिव पेठ

जेवणाचं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. या काळात ताटात येणारा मासा बहुधा खाडीचा, सुका किंवा बर्फातला, तेव्हा पापलेट-सुरमईचा आग्रह धरू नका. खाडीची कालवं, खेकडे, सोडे मागा. घरगुती खानावळीत सकाळी ९-१० पर्यंत माणसं आणि पदार्थ कळवा. बाजार सकाळीच होतो आणि खोबऱ्या-मसाल्याचं वाटप ताजं वाटतात. दीडला जाऊन बसलं तर उरलेलंच मिळणार. वडे-कोंबडी, घावणे-काळ्या वाटाण्याचं सांबारं हे तर ऐनवेळी होतच नाही, वाटाणे रात्रभर भिजावे लागतात.

कोकम आणताना आगळ आणि सरबत यांत घोटाळा नको. आगळात मीठ असतं, साखर नसते. सोलकढीला तेच लागतं. एका नारळाच्या दाट-पातळ दुधाला ३-४ मोठे चमचे आगळ, लसणाच्या २-३ पाकळ्या, एक हिरवी मिरची. मीठ चाखून मगच घाला. तापवू नका, फाटते. फार वेळ ठेवली तर पाणी आणि दूध वेगळं होतं, म्हणून जेवणाच्या अर्धा तास आधीच करा.

कोथरूड (पुन्हा)

वर कोणी फेरीबोटीचं लिहिलं नाही म्हणून. बाणकोट खाडीला वेसवी-बागमांडला, वाशिष्ठीला दाभोळ-धोपावे, जयगड खाडीला जयगड-तवसाळ. दापोलीहून गुहागरला जाताना दाभोळची बोट घेतली की चिपळूणचा मोठा वळसा वाचतो. शेवटची बोट किती वाजता ते सकाळीच विचारा, कारण चुकली की तोच वळसा रात्री घालावा लागतो. मोठ्या ओहोटीत धक्क्याशी पाणी उतरलं तर बोट थांबवतात, औंधकरांचा हिशोब इथेही उपयोगी. गाडी चढवताना बाकीची माणसं आधी उतरवा, काचा खाली ठेवा, बोटीवर हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवा. सुट्टे पैसे जवळ असू द्या, खाडीत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.