देवलांचं शेवटचं नाटक: 'संशयकल्लोळ' कसं घडलं?

सांगलीची_सई: भावे नाट्यमंदिरात आमचा कॉलेजचा ग्रुप 'संशयकल्लोळ' करणार आहे. मी कृत्तिकेची भूमिका करतेय. हे नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं शेवटचं नाटक ना? मूळ कुठलं?

हरिपूरवाला: सई, देवल आमच्या हरिपूरचे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मूळ फ्रेंच, मोलिएरचं. त्यावरून देवलांनी आधी गद्य 'फाल्गुनराव' लिहिलं, गाण्यांशिवाय. पुढं गंधर्व नाटक मंडळीसाठी पदं घालून त्याचं संगीत नाटक केलं. पण जून १९१६ मध्ये देवल गेले, आणि नाटक त्याच वर्षी, त्यांच्या मागं रंगभूमीवर आलं. बालगंधर्व रेवती. आपल्या पदांना प्रेक्षकांनी दिलेला वन्समोअर देवलांना ऐकायला मिळाला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तुझ्या कृत्तिकेचा सगळा खेळ त्या तसबिरीवर आहे. रस्त्यात रेवतीला घेरी येते, कृत्तिकेचा नवरा फाल्गुनराव तिला सावरतो, ते कृत्तिका बघते. तिथंच पडलेली, रेवतीच्या प्रियकराची म्हणजे अश्विनशेटची तसबीर ती उचलते, आणि नेमकी ती बघत असताना फाल्गुनराव तिला बघतो! दोघंही आपापल्या जागी खरे. त्यामुळं तसबीर हातात आल्यावर घाई करू नकोस. नीट न्याहाळ, मग बोल.

नाट्यवेडी_मिरज: आणि पदं कापू नका गं! वेळ कमी म्हणून हल्ली पहिली कात्री तिथंच लागते. नावंही बघ: अश्विन, कृत्तिका, रेवती, सगळी नक्षत्रं नि महिने.

सांगलीची_सई: दादा, ताई, मनापासून आभार. तसबिरीचा प्रवेश उद्याच्या तालमीत पुन्हा बसवतो.