मदत हवी आहे : जुन्या औषधी दुकानातल्या वस्तूंसाठी

नमस्कार मंडळी. रविवार कारंजाजवळचं आमच्या आजोबांचं औषधांचं दुकान आता रिकामं करतोय. नाशिकमध्ये औषधनिर्माणाच्या इतिहासाचं एक छोटंसं संग्रहालय व्हावं, अशी आम्हा काही जणांची मनापासून इच्छा आहे. खोलीची सोय होईल असं दिसतंय.

वस्तू सुंदर आहेत. चिनी मातीचा खल, गोळ्या वळायची फरशी, पितळी तराजू आणि त्याची ग्रेन-ड्रामची वजनं (६० ग्रेनचा एक ड्राम, म्हणजे साधारण ३.९ ग्रॅम). कंपाउंडर मिक्श्चर बनवून बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायचे, तशा पट्ट्याही सापडल्यात. निळ्या, खरबरीत काचेच्या विषाच्या बाटल्या मला सगळ्यात आवडल्या. अंधारातही हाताला कळावं म्हणून काच मुद्दाम तशी करत.

अडचण इथेच आहे. काही बाटल्यांत अजून औषध आहे. एकीवर ‘टिंक्चर नक्स व्होमिका’ (म्हणजे कुचला, त्यात स्ट्रिक्निन असतं), दुसरीवर ‘हायड्रार्ज. सबक्लोर.’, म्हणजे पाऱ्याचा क्षार. हे मोरीत ओतणार नाही, पण नाशिकमध्ये याची रीतसर विल्हेवाट कोण लावतं? बाटल्या धुताना कागदी लेबलं कशी वाचवायची?

आणि १९४८ च्या फार्मसी कायद्याआधीपासून चाललेल्या दुकानांची माहिती, फोटो, बिलबुकं कुणाकडे असतील तर कृपया कळवा. जुन्या कंपाउंडर मंडळींशी तर बोलायचंच आहे. तुम्ही म्हणाल तेव्हा घरी येईन.